सुरीमामा आणि नाळेचा विळा

दगडावर पातं घासल्याचा आवाज दोन तऱ्हेचा असतो. धार यायच्या आधी तो खरखरीत असतो, वाळूवरून पत्रा ओढावा तसा. धार येत चालली की तो बारीक होत जातो, आणि शेवटी ऐकू येतो न येतो असा होतो. मला भीती वाटायची ती या दुसऱ्या आवाजाची. मी आडतीवर हमाली करणारा गडी. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या बाजारात माझ्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण सकाळी भिंतीपलीकडं तो आवाज बारीक व्हायला लागला, की मी गोधडीत उठून बसायचो आणि शेजारी निजलेल्या बायकोच्या पोटाकडं बघायचो.

भिंतीपलीकडं आमचे घरमालक. सगळी आळी त्यांना सुरीमामा म्हणायची, तोंडावर नुसतं मामा. खरं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. त्यांच्या भावकीतली माणसं अजून शिरूरला आहेत. मी चौथी नापास माणूस. जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे, मी समजूत घालायला जाणार नाही.

मामा ख्रिस्ती. साहेबाच्या राज्यात ते दौंडला रेल्वेच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर खानसामा होते. साहेब विलायतेला गेला, तसे मामा शिरूरला आपल्या जुन्या घरी परत आले. बरोबर आणली एक लाकडी पेटी आणि पेटीत सुऱ्या. घर दोन खोल्यांचं, मधे एक भिंत, पुढं सामायिक अंगण. एका खोलीत ते एकटे राहायचे, दुसरी आम्हाला दिलेली.

आम्ही खुटबावचे, दौंड तालुक्यातले. गाव सोडायचं कारण पोटाचं नव्हतं. घरी खाऊनपिऊन होतं. कारण असं, की आमची दोन लेकरं गेली. आधी मुलगा, मग मुलगी. दोन्ही चांगली गुटगुटीत आली. पाचवी पुजून झाली, सगळं झालं, आणि मग एका सकाळी लेकरू दूध ओढेना. तोंडच उघडेना. दात नसलेल्या जिवाला दातखीळ बसलेली. बोट घालून उघडायला जावं तर जबडा लाकडासारखा. मग अंग कमानीसारखं मागं वाकायचं, आणि त्यातच संपायचं. गावात म्हणायचे, सटवीनं नेलं. आता दवाखान्यात त्याला धनुर्वात म्हणतात. तेव्हा आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, फक्त ते मिटलेलं तोंड ठाऊक होतं.

तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा बायको म्हणाली, "ह्या घरात मी पुन्यांदा बाळंत होनार न्हाई. कुठंबी न्या." म्हणून शिरूर.

पहिल्या दिवशी सामान टाकलं आणि मामांच्या खोलीत डोकावलो. समोरच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीनं सुऱ्या टांगलेल्या. मांस कापायची रुंद, पाव कापायची लांब, मासळीची निमुळती. देवळात घंटा टांगाव्यात तशा. खाली चटईवर मामा बसलेले, पुढं कुरुंदाचा काळा दगड, बाजूला पाण्याची वाटी. अंगानं वाळकुडे, पण हात बघून मी दचकलो. उजव्या हातावर अस्वलासारखे केस, आणि डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत तान्ह्या पोरासारखा गुळगुळीत. कारण लगेच समजलं. त्यांनी दगडावरचं पातं उचललं, डाव्या हातावरून अलगद फिरवलं, आणि म्हणाले, "आमेन."

ही त्यांची रीत. धार लागली की पातं हातावरून फिरवायचं. केस निघाले तर 'आमेन' म्हणायचं, आणि नाही निघाले तर काही न बोलता पुन्हा दगडाला लावायचं. डाव्या हातावर केस उरले नाहीत की मग ते दुसऱ्या माणसांकडं बघायचे. एकदा मी अंगणात तंबाखू मळत बसलो होतो. मामा आले, माझ्या मिशीचा एक केस धरून उपटला, माझ्या नाकासमोर धरला आणि सुरीनं मधोमध कापला. मी ओरडायच्या आत 'आमेन' म्हणून परत गेले. आळीतली माणसं हसली. मीही हसलो. पण ते पातं माझ्या गळ्यापासून वीतभर लांब होतं, आणि त्या माणसानं मला विचारलंसुद्धा नव्हतं, हे मी विसरलो नाही.

बायांच्या विळ्या ते न विचारताच न्यायचे. आळीतून चालताना कुणाच्या घरात भाजी चिरल्याचा आवाज आला की थांबायचे, कान द्यायचे, आणि सरळ आत शिरायचे. "बाय, तुझी इळी रडती," म्हणायचे आणि बाईच्या पायाखालची विळी पाटासकट उचलून चालते व्हायचे. संध्याकाळी विळी परत. पैसा घ्यायचे नाहीत. पण पातं कुणाच्या हातात देणार नाहीत. जमिनीवर ठेवायचे, दोन पावलं मागं सरायचे, मग बाईनं उचलायचं. आणि त्यानंतर दोन दिवस आळीतल्या निम्म्या बायांच्या बोटाला चिंधी.

समोर एक कासारीण राहायची, बांगड्या विकायची. जिभेची तिखट. ती एकदा चिंध्या बांधलेली दोन बोटं नाचवत आली. "मामा, तुमीच म्हनता ना, बोथट पातं बोटाकडं येतं म्हनून? मंग ह्ये काय? धारंनंच खाल्लं की माजं बोट!"

"तुला दाबायची खोड," मामा म्हणाले. "बोथट इळीवर जलम काढला. बोथट पात्याला वाट ठाऊक नसती, त्याला ढकलावं लागतं. माज्या धारंला ढकलायचं न्हाई, नुसतं पुढं बसायचं."

"आन् बोटं तुटली मंजी बांगड्या भरायला तुमी येनार का?"

"येईन की. पर माज्या हातनं बांगडी भरून घ्यायची तुजी छाती हाय का, सांग."

जमलेल्या बाया हसल्या. छाती कुणाचीच नव्हती. कारण आळीत एक बोलवा होती, आणि ती मला कासारणीनंच सांगितली. दौंडला मामांच्या हातून माणूस मेला, म्हणून साहेबानं त्यांना काढलं. कोण माणूस, कसा मेला, कुणालाच सांगता येत नव्हतं. "खरंखोटं देवाला ठाऊक बाबा," ती म्हणाली, "पर एवढी धार भाजीसाठी कोन लावतं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात जाऊन बसला. आडतीवर पोतं उचललं की तोच. नदीवर अंघोळीला गेलो की तोच. एवढी धार भाजीसाठी कोण लावतं?

बायकोचं पोट दिसायला लागलं तशी मामांनी एक नवी सुरी घासायला घेतली. लहानशी, फळं कापायची, हाडाच्या मुठीची. बाकी सुऱ्या ते आळीपाळीनं घ्यायचे. ही मात्र रोज, सगळ्यांत आधी. धार आलेली असली तरी पुन्हा. हातावरून फिरवायची, 'आमेन' म्हणायचं, आणि ती भिंतीवर न टांगता पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायची.

मी एकदा सहज विचारलं, "ही कुनाची, मामा?"

मान वर न करता ते म्हणाले, "तुज्या पोराची."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. पुढं काही विचारलं नाही. त्या दिवशी मी आडतीवर खाडा केला आणि नदीकडच्या आळीत दुसरी खोली बघून आलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, चल, उचल बोचकं.

ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "मी न्हाई येत."

"म्हातारा येडा हाय. पोराच्या नावानं सुरी घासतोय."

"घासू द्या. मला तर त्या आवाजानं झोप लागती."

"अगं, काय करंल त्याचा नेम हाय का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "आपली दोन गेली ती खुटबावात गेली," ती म्हणाली. "तितं कोन सुरी घासत हुतं?"

बाईमाणसानं निरुत्तर केलं म्हणून राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी पोतं ओढायची लोखंडी आकडी कमरेला खोचून मामांच्या खोलीत गेलो. ते चटईवर बसून भाकरी खात होते. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"मामा, सरळ सांगा. माज्या पोराचं आन् त्या सुरीचं काय?"

त्यांनी माझ्या कमरेच्या आकडीकडं पाहिलं. "त्याला धार न्हाई," म्हणाले. मग विचारलं, "तुमच्यात नाळ कशानं कापत्यात?"

मी ताठ होऊन सांगितलं. आमच्या घराण्यात नाळेचा विळा आहे. पणज्याच्या आधीपासूनचा. गोठ्याच्या आढ्याला खोचलेला असतो. दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. बाकीची खुरपी-विळे लोहाराकडून शेवटून आणतात, म्हणजे भट्टीत घालून धार काढून आणतात, पण त्या विळ्याला लोहार लागत नाही, पाणी लागत नाही. त्याला धार लावली तर वंश कापला जातो, असं आमच्यात मानतात. बाळंतपण झालं की राखेनं पुसायचा आणि पुन्हा आढ्याला. माझी नाळ त्यानंच कापली, माझ्या तिघा भावांची त्यानंच. गेलेल्या दोन लेकरांचीही त्यानंच, आणि ती कशी गेली तेही सांगून टाकलं.

मामांनी भाकरी बाजूला सारली. बराच वेळ ते हात धुवत बसले.

"दौंडला मला चार झाली," ते म्हणाले. "बंगल्यामागच्या खोलीत. घरातल्या गंजक्या इळीनं सुईन नाळ कापायची. चारी लेकरं तोंड मिटून गेली. तू सांगतोस तशीच, कमान हून. चौथ्याबरूबर त्याची आईबी खंगली आन् गेली. आन् त्याच साली बंगल्यात मडम बाळंत झाली. आवचित, दिवसाच्या आदी. डाक्टर पळत आला, त्याची पेटी कुठं राह्यली देव जानं. मला म्हनला, खानसामा, सुरी दे. मी ही हाडाच्या मुठीची दिली. त्यानं उकळत्या पान्यात टाकाय लावली, मी टाकली. कापली नाळ. त्यो पोरगा जगला. इतका लाल, टमाट्यावानी. मी त्याला मांडीवर खेळवलाय." थोडं थांबून म्हणाले, "माज्या चारींच्या वक्ताला ही सुरी पंधरा पावलांवर हुती. मडमच्या सफरचंदासाठी धार लावून ठेवल्याली."

मी विचारलं, "मंग धारंमुळं जगला म्हनता?"

"दुसरं काय? सायबाच्या पोराला धार मिळाली. माज्या पोरांना गंज."

आळीतल्या बोलवेचा उलगडा मला तिथं झाला. दौंडला मामांच्या हातून माणसं मेली होती, असं ते स्वतःच समजत होते.

पण खरं सांगतो, माझं मन पालटलं नाही. दया आली, पण विश्वास बसला नाही. माझ्या वाडवडलांच्या विळ्याला नावं ठेवणारे हे कोण? त्या विळ्यानं नाळ कापलेले आम्ही चार भाऊ बैलासारखे उभे होतो. आणि पुन्हा रात्रंदिवस दुसरी भीती, की मामांचं खरं असलं तर? एक ना धड, दोन्हीकडून कात्रीत सापडल्यासारखं झालं. बायकोचे दिवस भरत आले तसा मी गावी निरोप धाडला. आई खुटबावाजवळच्या चौफुल्यावरून एसटी धरून आली. काखेत गाठोडं. गाठोड्यात तूप, डिंक, खोबरं, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला विळा.

आईनं अंगणात पाऊल टाकलं तेव्हा मामा दगडापुढं बसलेलेच होते. तिनं भिंतीवरची ती सुऱ्यांची ओळ उघड्या दारातून पाहिली आणि मला म्हणाली, "कसायाच्या घरात बिऱ्हाड केलंस व्हय रं?" मामांनी ऐकलं. ती फळाची सुरी दोनदा हातावरून फिरवली.

पोट दुखायला लागलं ते भर दुपारी. सुईण आली, आई आत गेली, दार लोटलं. मी अंगणात. मामांनी त्यांच्या चुलीवर पातेलं चढवलं, फडक्यातून सुरी काढली, आणि दारासमोर येऊन उभे राहिले.

आई बाहेर आली. तिच्या हातात विळा. पहिल्यांदाच मी तो दिवसाच्या उजेडात नीट पाहिला. काळाठिक्कर, पात्यावर गंजाचे फोड, वाकाच्या बेचक्यात कसलासा जुना थर धरलेला.

"बाजूला व्हा," आई म्हणाली. "परक्याची सुरी माज्या नातवाला लागनार न्हाई."

"बाय, ही सुरी..."

"माज्या घरचा इळा हाय. माजी चार वाढली ह्याच्यावर."

"आन् ह्याची दोन?" मामांनी माझ्याकडं बोट केलं.

आईचं तोंड पांढरं पडलं. "ती सटवीनं नेली," ती म्हणाली. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. मग माझ्याकडं वळली. "तू सांग. माजा इळा का ह्यांची सुरी?"

आतून बायको ओरडत होती. मी उभाच. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तो वाळका म्हातारा, आणि मधे मी. कुणाचंही म्हणणं खरं निघालं, तरी चुकीचं बोललो तर मरणार माझंच लेकरू.

तेव्हा मामांनी एक गोष्ट केली. हातातली सुरी, जी त्यांनी इतके दिवस घासली, ती फडक्यात गुंडाळून खिशात घातली. आणि आईपुढं हात पसरून म्हणाले, "नगं माजी सुरी. तुमचाच इळा लावा. फकस्त घटकाभर मला द्या."

"कशाला?"

"धार लावतो."

आईनं विळा छातीशी धरला. "वंश कापायचाय व्हय आमचा?"

मामांचा हात तसाच पसरलेला. आणि मला एकाएकी दिसलं, की या अंगणात वंश म्हणावा असा माझा उरलाच नव्हता, जो कापायचा राहिलाय. दोन खड्डे होते खुटबावच्या ओढ्याकाठी. मी पुढं झालो आणि आईच्या हातातून विळा ओढून घेतला. तिनं सोडला नाही, मी ओढला. जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागं सरलो. मामांनी उचलला.

आई अंगणातच मटकन बसली आणि माझ्या नावानं बोटं मोडायला लागली. मामांनी दगडावर पाणी शिंपडलं. विळा घासणं सुरी घासण्यासारखं नसतं. वाकलेलं पातं आतल्या अंगानं घासताना दगडच हातात धरून फिरवावा लागतो. पहिलं काळं पाणी निघालं, मग तांबडं. आमच्या घराण्याचा सगळा गंज त्या दगडावरून वाटीत उतरत होता, आणि आई त्या वाटीकडं असं बघत होती, जसं काही ते रक्तच आहे.

आणि आत पोर रडलं.

सुईणीनं दाराआडून हाक मारली, "मुलगा हाय! वारबी पडली. इळा कुठाय?"

"मामा, आटपा!"

"धार घाईनं येत न्हाई," मामा म्हणाले. खर्र, खर्र. त्यांच्या कपाळावरचा घाम दगडावर टपकत होता. सुईण पुन्हा ओरडली. नाळ वारेला तशीच जोडलेली, पोर तसंच, कपड्यात गुंडाळून बायकोच्या पायाशी. आवाज हळूहळू बारीक व्हायला लागला. ज्या आवाजाला मी इतके महिने भ्यालो, तो लवकर बारीक व्हावा म्हणून मी त्या अंगणात देवाची नावं घेत होतो. मामांनी पातं उचललं, डाव्या हातावरून फिरवलं. काही बोलले नाहीत. तिथं केस होतेच कुठं? मी माझा हात पुढं केला. त्यांनी विळ्याचं टोक माझ्या मनगटावरून फिरवलं. केस गळून पडले.

"आमेन," मामा म्हणाले, आणि विळा उकळत्या पातेल्यात सोडला.

मला वाटलं झालं. पण ते तिथंच उभे राहिले, पाणी खदखदतंय, विळा आत. "काडा की आता!" मी म्हणालो. ते म्हणाले, "मडमच्या वक्ताला डाक्टरनं बराच येळ ठिवली हुती. का ते ठाऊक न्हाई, पर ठिवली हुती. मी त्यात कमीजास्त करनार न्हाई." शेवटी चिमट्यानं विळा काढला, नाळ बांधायचा दोरापण उकळून घेतला, स्वच्छ फडक्यावर ठेवून दारात सरकवला आणि मागं सरले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. पाचवी पुजली. आई माझ्याशी बोलत नव्हती, पण गेलीही नाही. पोराच्या तोंडाकडं बघत बसायची. आम्ही सगळेच बसायचो. दूध ओढलं की सुटकेचा श्वास, झोपलं की पुन्हा धडधड. मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई आळीत यायची, ती पोर बघायला आली. सगळी हकीकत ऐकून हसली. म्हणाली, "मामा, धारेनं काही होत नाही. उकळला म्हणून गुण आला."

मामा असे भडकले की मी मधे पडलो. "मंग पुढच्या बाळंतपनाला उकळल्याला चमचा घे!" ते म्हणाले. "बघू कशी नाळ कापतीस!" ती गेली तरी ते तासभर पुटपुटत होते. मरेपर्यंत त्यांनी ते मान्य केलं नाही. आता मला कळतं, की नर्सबाईचं खरं होतं. पण मामांसमोर मी कधी म्हणालो नाही, आणि त्यांच्यामागंही म्हणणार नाही.

मग ती सकाळ आली. बायकोनं पोराला पदराखाली घेतलं, आणि ते तोंड उघडेना. तिनं स्तन लावला, त्यानं मान वळवली. पुन्हा लावला. ओठ घट्ट. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ती रडली नाही, नुसतं पाहिलं. आई भिंतीकडं तोंड करून बसली. मी पळत जाऊन मामांना आणलं. कशासाठी, ठाऊक नाही. दुसरं कोण होतं?

मामा उंबऱ्यात थांबले. बाळंतिणीच्या खोलीत कसं यायचं? आई भिंतीकडंच बघत म्हणाली, "या आत." त्यांना बोललेला तिचा तो पहिला सरळ शब्द.

त्यांनी हात धुतले. करंगळी पोराच्या ओठावर ठेवली. कुरुंदानं खरवडलेली, चिरांनी भरलेली करंगळी. पोर हललं नाही. त्यांनी हळूच दाबली. ओठ उघडले, करंगळी आत गेली, आणि हिरड्या मिटल्या. मामांचा चेहरा मला दिसत होता. तो माणूस भ्यालेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला. हिरड्या सोडतात का घट्ट होतात, याची ते वाट बघत होते. त्यांनी तशी वाट चारदा बघितलेली होती.

पोरानं करंगळी सोडली, तोंड वाकडं केलं, आणि असा टाहो फोडला की समोरून कासारीण धावत आली. नाक चोंदलं होतं त्याचं, बाकी काही नाही. आईनं पदराच्या टोकानं नाक पुसलं, तसं ते दूध प्यायला लागलं.

"बापावर गेलंय," आई म्हणाली. "मनात आलं तरच तोंड उघडनार."

मामा बाहेर अंगणात गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. सबंध दिवस त्यांनी दगडाला हात लावला नाही.

आई गावी निघाली तेव्हा तिनं विळा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, पण गाठोड्यात टाकला नाही. मामांच्या दारात गेली. "धाकट्या सुनंला दिवस गेल्यात," ती म्हणाली. "ही धार तवर राहती का?"

"न्हाई राहायची. आन् तुमी आढ्याला खोचून ठिवनार. घिऊन या."

"खुटबावावनं?"

"मंग मला न्या."

तिनं त्यांना नेलं. एकदा नाही, आमच्या भावकीतल्या प्रत्येक बाळंतपणाला नेलं. एसटीत हा वाळका म्हातारा दगड मांडीवर घेऊन बसायचा, आणि कंडक्टरही त्याच्यापासून जरा लांबून तिकीट द्यायचा. फळाची ती सुरी मात्र त्यांनी पुन्हा कधी घासली नाही. कुणी मागितली नाही, आणि त्यांनीही कुणाला देऊ केली नाही.

लोक म्हणतात, भीती एकदा गेली की गेली. माझी गेली नाही. ते पोर वाढलं, शिकलं, कारेगावला त्यानं घर बांधलं. आता त्याचेही केस पिकले. त्याच्याकडंच मी राहतो. एखाद्या सकाळी तो चहाला लवकर उठला नाही, की मी काठी टेकत त्याच्या खोलीत जातो आणि उशाशी उभा राहतो. तो डोळे उघडतो. म्हणतो, "काय झालं, आबा? काय बघताय?"

"काही न्हाई," मी म्हणतो. "एकदा जांभई दे बरं."